कारणे द्या

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न हमखास असायचा. 'कारणे द्या.' पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला, कारणे द्या. १८५७ चा उठाव अयशस्वी झाला, कारणे द्या. छत्तीस वर्षं मी हा प्रश्न काढला आणि छत्तीस वर्षं त्याची उत्तरं तपासली. हिशेब साधा होता. चार मुद्दे लिहा, चार गुण घ्या. ज्याला कारण नाही अशी गोष्ट आमच्या विषयात नव्हतीच. एखाद्या पोराने प्रामाणिकपणे 'माहीत नाही' असं लिहिलं, तर लाल शाईने भोपळा!

गेल्या फेब्रुवारीत हाच प्रश्न मला माझ्या दहा वर्षांच्या नातवाने विचारला. त्याचं जे उत्तर मी दिलं, त्याबद्दल आज लिहायचं आहे. थोडा इतिहासही सांगणार आहे, खोड जात नाही.

आमची लालबागची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, त्याला आता बरीच वर्षं झाली. दहा बाय बाराच्या खोलीतून आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो. जागा वाढली तशी हौसही वाढली. चिरंजीवांनी नातवाच्या वाढदिवसाला फिशटँक आणला. गोड्या पाण्याचा नव्हे, खाऱ्या पाण्याचा. शंभरेक लिटर पाणी, त्यात मोजून घातलेलं खास मीठ, फिल्टर, दिवा, समुद्रातले दगड, आणि दोन मासे. एक निळा आणि एक शेंदरी रंगाचा, अंगावर पांढरे पट्टे असलेला. त्याला क्लाउनफिश म्हणतात. २००३ साली आलेल्या 'फाइंडिंग निमो' या सिनेमामुळे जगभरच्या पोरांना तो ठाऊक झाला. नातवाने मात्र त्याचं नाव 'शेंदऱ्या' ठेवलं. आमची 'ही' म्हणाली, गणपतीचा रंग आहे, चांगलंच झालं.

शेंदऱ्या आठ महिने आमच्याकडे होता. सकाळी मी चहा करायला उठलो की तो काचेपाशी यायचा. मासा माणूस ओळखतो की नाही मला माहीत नाही, पण मी रोज त्याच्याशी दोन शब्द बोलत असे, हे कबूल करतो.

एका सोमवारी सकाळी तो आला नाही. दगडाच्या मागे आडवा पडलेला होता. आदल्या रात्री व्यवस्थित खाल्लं होतं. अंगावर डाग नाही, जखम नाही, कल्लेही फाटलेले नाहीत. निळा मासा नेहमीसारखा फिरत होता. नातू उठून आला, त्याने पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, का मेला?"

मी क्षणभरही थांबलो नाही. "रात्री खाणं जास्त घातलं असशील. उरलेलं पाण्यात कुजतं. त्यानेच."

शाळेतला आवाज होता तो. मुद्देसूद उत्तर. पोराने मान खाली घातली, दप्तर उचललं आणि शाळेत गेला. माशाला आम्ही कागदात गुंडाळून कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं. (तुळशीच्या कुंडीला हिने नाही म्हटलं.) संध्याकाळी नातवाने खाण्याची डबी आईच्या हातात दिली. "आता तूच घालत जा," म्हणाला.

बुधवारी ताटात बांगडा होता. आमचं लालबाग म्हणजे मासळीवर वाढलेली वस्ती. इथला पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद झाला, तेव्हा उघड्यावर बसायची पाळी आलेल्या कोळी मंडळींनी आणि व्यापाऱ्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला, आणि जागा मिळाल्यावर १९३४ मध्ये गणपती बसवला. तोच आज जगाला माहीत असलेला लालबागचा राजा. अशा ठिकाणच्या पोराने बांगड्याचं ताट बाजूला सारलं. ही म्हणाली, "अरे, तो मासा वेगळा, हा वेगळा." त्यावर तो म्हणाला, "आजी, त्याला मीच मारला ना."

हिने माझ्याकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तसं फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

रात्री चिरंजीवांनी पाण्याच्या चाचण्यांचा संच काढला. छोट्या नळ्यांत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग पाहायचा. अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. खारटपणा योग्य, तापमान योग्य. जास्तीचं खाणं कुजलं असतं तर अमोनिया दिसायला हवा होता, आणि मग निळा मासाही धापा टाकताना दिसायला हवा होता. म्हणजे माझ्या उत्तराला काडीचाही आधार नव्हता. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "काका, खाऱ्या पाण्यात होतं असं कधीकधी."

हे वाक्य माझ्यातल्या मास्तराला पटेना. 'होतं असं कधीकधी' हे काय उत्तर झालं? म्हणून मग वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं, की काचेमागे समुद्र ठेवण्याचा सगळा इतिहासच मुळी या प्रश्नाचा इतिहास आहे. काल ठीक होता, आज का मेला?

पावणेदोनशे वर्षं मागे जाऊ. १८४६ मध्ये इंग्लंडात ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाणी बदललं नाही तर जीव मरतात एवढं त्यांना कळत होतं, पण लंडनमध्ये रोज समुद्राचं पाणी आणणार कुठून? त्यांनी एक उपाय केला. उघड्या खिडकीशी उभं राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम रोज अर्धा-पाऊण तास त्यांची मोलकरीण करायची. आज आपल्या टँकमधला पंप बुडबुडे सोडतो, तेच काम त्या बाईच्या हातांनी केलं. तिचं नाव मात्र कुठे वाचायला मिळालं नाही.

पुढे १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आपला प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. काचेच्या भांड्यात दोन मासे आणि एक पाणवनस्पती. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासे जगतील, असा हिशेब. थोडे दिवस सगळं छान चाललं. मग वनस्पतीची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढुळलं, माशांना त्रास होऊ लागला. वॉरिंग्टनने हे लपवलं नाही. काय बिघडलं ते लिहून ठेवलं, कुजकी पानं खाणाऱ्या गोगलगायी आणून सोडल्या आणि पाणी निवळलं. हा प्रयोग गोड्या पाण्यातला होता. पाठोपाठ खाऱ्या पाण्यातही प्रयत्न सुरू झाले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यघर उघडलं. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं मत्स्यालयावरचं पुस्तक आलं आणि घरोघरी टाक्या ठेवायची लाटच आली. गॉस यांनी नळाच्या पाण्यात चार क्षार मिसळून समुद्राचं पाणी घरी बनवायची कृतीही दिली. आमचे चिरंजीव बादलीत मीठ ढवळतात, त्या कामाचे हे पणजोबा!

लाट आली तशी दहा-पंधरा वर्षांत ओसरली. कारण उघड होतं. पाणी स्वच्छ दिसायचं, खाणं वेळेवर असायचं आणि तरी जीव मरायचे. लोक कंटाळले. त्यात कोणाची चूक नव्हती. ज्याने ते मासे मरत होते, ते पाहायची सोयच तेव्हा नव्हती.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी. समुद्र अफाट असल्यामुळे तिथे त्याचं काही वाटत नाही, शंभर लिटरच्या टाकीत तो साठतो. शिवाय समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या वर असतो, आणि सामू चढा असला की अमोनिया जास्त मारक होतो. त्यातून खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षा प्राणवायू कमी विरघळतो, आणि पाणी तापलं की आणखी कमी. म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशाचं जगणं घरच्या टाकीत सगळ्या बाजूंनी तारेवरचं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करून पाणी सुरक्षित करणारे जिवाणू असतात. ते दगडांवर, वाळूवर, फिल्टरमध्ये वस्ती करून राहतात. हे जिवाणू सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने वेगळे करून दाखवले ते १८९० च्या सुमारास. म्हणजे गॉस यांच्या पुस्तकानंतर पस्तीसएक वर्षांनी! आणि हे ज्ञान घरच्या टाकीपर्यंत पोचायला आणखी कित्येक दशकं गेली. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत दगड टाकीत ठेवून मासे जगवण्याची आपली पद्धत १९६१ मध्ये लिहून प्रसिद्ध केली. त्यांच्या दगडांवर हेच जिवाणू होते.

आपल्याकडे मद्रासला १९०९ मध्ये सागरी मत्स्यालय झालं. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ चं. डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांनी दोन लाख रुपये दिले, एकूण खर्च आठ लाखांच्या घरात गेला, आणि उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केलं. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. एकदा बोनस झाला त्या रविवारी त्यांनी आम्हाला ट्रामने आणि पुढे पायी चालवत मरीन ड्राइव्हला नेलं. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. बरोबर चाळीतली एक मावशी होती, लालबागच्या बाजारात मासळी विकायची. काळोख्या दालनात उजळलेल्या काचा पाहून आम्ही पोरं खुळावलो. मावशी मात्र एका टाकीपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "पाण्याला भरती नाय, ओहोटी नाय. बिचाऱ्याला दिवस कसा कळत असंल?" तेव्हा आम्ही हसलो होतो. बाहेर रस्ता ओलांडला की खरा समुद्र होता.

तारापोरवाला मत्स्यालय नव्या रूपात, काचेसारख्या ॲक्रिलिकच्या बोगद्यासह, २०१५ मध्ये पुन्हा उघडलं. नातवाला मात्र ते दाखवायचं राहून गेलं. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत ते बंद झालं, आणि मग वर्षं उलटली तरी उघडलं नाही.

तर सांगायचा मुद्दा, आज आपल्याला पूर्वीपेक्षा खूप कळतं. तरीही शेंदऱ्यासारखा मासा एका रात्रीत जातो, आणि त्याची कितीतरी संभाव्य कारणं वाचायला मिळाली. डोळ्यांना न दिसणारे परोपजीवी कल्ल्यांवर बसतात आणि अंगावर डाग दिसायच्या आत मासा गुदमरतो. डासांच्या फवाऱ्याचा अंश पाण्यात उतरू शकतो. शरीराच्या आत काही बिघडलेलं असू शकतं. आणि एक कारण तर फार लांबचं. फिलिपिन्सच्या समुद्रात १९६० च्या दशकापासून शोभेचे मासे पकडायला सायनाइड वापरू लागले. पाण्यात फवारा मारायचा, मासा गुंगला की उचलायचा. काही तिथेच मरतात, काही पुढे, कुणाच्या तरी दिवाणखान्यात. घेणाऱ्याला वाटतं, आपलंच काही चुकलं! सुदैवाने क्लाउनफिशची पैदास आता बंदिस्त जागेत होते, आपल्याकडे मंडपमच्या सागरी मत्स्य संशोधन केंद्रानेही ती केली आहे. आमचा शेंदऱ्या समुद्रातून आला की पैदास केंद्रातून, याचा पत्ता लागला नाही.

यातलं नक्की काय झालं हे कळायला मासा ताजा असतानाच तपासायला हवा होता. मासा फार लवकर खराब होतो. आम्ही तर तो कुंडीत पुरून मोकळे झालो होतो. थोडक्यात, कारण कधीच कळणार नव्हतं.

इथवर आल्यावर मला एका जुन्या धड्याची आठवण झाली. तो धडा आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घडला आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. सप्टेंबरमध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात तो ओळखला. रोगाचा जिवाणू त्याआधी दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माणसं आजारी पडण्याआधी घरात उंदीर मरून पडत. लोकांनी हे हेरलं होतं. उंदीर पडला की घर सोडायचं, हे गावोगावच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना माहीत होतं. पण उंदीर का पडतो आणि त्याचा माणसाशी काय संबंध, याचं उत्तर नव्हतं. मग जो तो आपापलं कारण सांगू लागला. कोंदट हवा, ओल, घाण, धान्याची कोठारं, गरिबांच्या सवयी. सरकारने गटारं औषधी पाण्याने धुतली, घरांत शिरून सामान बाहेर काढलं. उत्तर माहीत नसताना उत्तर असल्यासारखं वागलं की काय होतं, हे त्या दोन-तीन वर्षांत मुंबई-पुण्याने पुरेपूर भोगलं.

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून पिसवांकडे बोट दाखवलं. फारसं कुणी मानलं नाही. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. तिथे काम करणारे डॉ. लिस्टन पिसवांचा अभ्यास करत होते. त्याच काळात भायखळ्याच्या राणीच्या बागेत पाळलेले गिनीपिग मरू लागले. सशापेक्षा लहान, गरीब प्राणी. त्यांची बातमी ती काय होणार? शहरात माणसं मरत होती! पण लिस्टन यांनी ते मेलेले गिनीपिग तपासले. त्यांना प्लेग झाला होता, आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा होत्या. उंदीर मेला की भुकेल्या पिसवा दुसरं अंग शोधतात. बागेत त्यांना गिनीपिग मिळाले, चाळीत त्यांना माणूस मिळत होता. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळमध्ये हे पद्धतशीर प्रयोगांनी पक्कं केलं.

पहिल्या रुग्णापासून या उत्तरापर्यंत जवळजवळ दहा वर्षं गेली. उत्तर मिळालं ते ज्यांनी मेलेला लहानसा जीव हातात घेऊन नीट पाहिला आणि जे दिसलं तेवढंच लिहिलं, त्यांच्यामुळे. त्याच राणीच्या बागेत २०१६ च्या जुलैमध्ये सोलहून आठ पेंग्विन आले आणि ऑक्टोबरमध्ये त्यातला एक मेला. शवविच्छेदन झालं, जिवाणूसंसर्ग हे कारण निघालं. लोकांनी मात्र त्याआधीच दोषी कोण ते ठरवायला सुरुवात केली होती. शंभर वर्षांत आपण फार बदललो नाही.

मी तरी कुठे बदललो होतो? इतकं सगळं वाचून झाल्यावर एका रात्री झोप येईना, आणि मला आई आठवली.

मी सात वर्षांचा असताना आमची धाकटी बहीण गेली. दहा महिन्यांची होती. रात्री दूध पिऊन झोपली, सकाळी उठली नाही. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली. चाळीतल्या बायका जमल्या. आजी सगळ्यांदेखत आईला म्हणाली, "तिन्हीसांजेला पोरीला घेऊन गॅलरीत उभी राहिली होतीस. सांगत होते मी."

आजी काही दुष्ट नव्हती. तिला नातीचं दुःखच झालं होतं. पण घरात एक मोठं 'का?' येऊन बसलं होतं आणि त्याला काहीतरी खायला घालायला हवं होतं. हाताशी आई होती. आई त्यावर काही बोलली नाही. पुढे चाळीस वर्षं ती जगली, आम्हाला वाढवलं, १९८२ च्या संपात घर सांभाळलं. पण त्या दिवसानंतर दिवेलागणीला ती कधी गॅलरीत उभी राहिली नाही. माझी मुलं लहान असतानाही संध्याकाळ झाली की त्यांना आत ओढायची. मी एवढा शिकलेला, इतिहासाचा मास्तर. तिला कधीतरी म्हणू शकलो असतो, की आई, गॅलरीने माणूस मरत नाही, ती का गेली हे कुणालाच माहीत नाही. मला वाटायचं, आता कशाला जुनं उकरायचं?

आणि सोमवारी सकाळी मी नेमकं आजीचंच काम केलं होतं. तिची तिन्हीसांज होती, माझं जास्तीचं खाणं. माझं उत्तर शास्त्रीय वाटणारं होतं, एवढाच फरक. त्यामुळे ते जास्तच खोल रुतलं असणार.

दुसऱ्या दिवशी नातू शाळेतून आल्यावर त्याला जवळ घेऊन बसलो. म्हटलं, "मी तुला सोमवारी जे सांगितलं ते चूक होतं. मी न तपासता बोललो. बाबांनी पाणी तपासलंय, त्यात काही निघालं नाही. शेंदऱ्या का मेला ते मला माहीत नाही."

तो म्हणाला, "म्हणजे मी नाही मारला?"

"तू मारल्याचा कुठलाही पुरावा नाही."

पोरगं हुशार. म्हणालं, "आणि नाही मारल्याचा?"

आता खोटं बोलायची सोय नव्हती. म्हटलं, "तो पाण्याच्या चाचणीत आहे, तेवढाच. बाकी आपल्याला कळणार नाही. ते तसंच ठेवावं लागतं."

तो रडला. चार दिवसांत पहिल्यांदाच रडला. मग आम्ही दोनशे पानी वही काढली. त्याला वॉरिंग्टनची गोगलगायींची गोष्ट सांगितली, राणीच्या बागेतल्या गिनीपिगची सांगितली. लिहून ठेवलेलं कधी कुणाच्या उपयोगी पडेल सांगता येत नाही, म्हणून लिहायचं. पहिल्या पानावर त्याने शेंदऱ्याची नोंद केली. कधी आणला, काय खायचा, शेवटचं कधी खाल्लं, कसा सापडला, पाण्याच्या चाचणीत काय निघालं. शेवटी 'मृत्यूचं कारण' असं लिहून तो थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला.

"माहीत नाही, असं लिही," मी म्हटलं.

"चालतं असं?"

छत्तीस वर्षांत ज्यांना ज्यांना मी भोपळा दिला, ती सगळी पोरं डोळ्यांपुढे आली. त्यातली आता काही स्वतः आजोबा झाली असतील. "चालतं," मी म्हटलं.

त्याने लिहिलं. मग खाली स्वतःच्या मनाने आणखी एक ओळ लिहिली, 'आजोबांनी आधी सांगितलेलं कारण चुकीचं होतं', आणि वही माझ्यापुढे सरकवली. "सही करा."

केली. घरात लाल पेन सापडलं नाही, निळ्यानेच केली.

डबी आता पुन्हा त्याच्याकडे आहे. निळा मासा ठणठणीत आहे. रोजचं खाणं, दर रविवारचं पाणी, सगळं वहीत उतरतं. बांगडा खायला त्याने अजून सुरुवात केलेली नाही, सुरमई चालते. हिने त्यावर काही विचारायचं नाही असं ठरवलं आहे आणि मीही विचारत नाही. प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायलाच हवं असं थोडंच आहे?

आईची वही मात्र कुणी केली नाही. तिला ती ओळ लिहून, खाली सही करून द्यायला हवी होती. ते राहून गेलं. निदान इथे तरी लिहून ठेवतो. आई, गॅलरीचं कारण चुकीचं होतं.